समझोत्याच्या बाँडवर सही करण्याआधी

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनते. भट्टीसमोर कोण उभे असते हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. आपल्या वस्त्यांतली, भूमिहीन घरांतली पोरे असतात आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर असतात. २४ ऑगस्ट २०२४ ला इथल्या एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले, तेव्हा बातमी झाली. एकट्याचा अंगठा मशीनमध्ये गेला तर बातमी होत नाही, ठेकेदार येतो. दवाखान्याचे बिल भरतो, वर पन्नास हजार हातावर ठेवतो आणि "माझी काही तक्रार नाही" असे बाँडवर लिहून घेतो. मध्यस्थ बऱ्याचदा आपलाच पुढारी असतो, हेही बोलले पाहिजे.

आता कायद्याचा हिशोब पाहा. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तत्त्व तेच आहे) अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरतो. कामगार तीस वर्षांचा, पगार १५ हजार. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, त्याचे ३० टक्के. होतात ५ लाख ६१ हजार ५४६ रुपये. पगार २२ हजार असला तरी हिशोब १५ हजारांवरच. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने ठरवलेल्या या मर्यादेवर वेगळे भांडायला हवे. पण पन्नास हजार आणि साडेपाच लाख यांतला फरक कोणाच्या खिशात राहतो?

"तुझ्याच चुकीने झाले" हे मालकाचे आवडते वाक्य. साध्या हलगर्जीपणाने हक्क जात नाही. दारू पिऊन काम केले किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, तरच मालकाला बचाव आहे. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर तोही नाही. "तो ठेकेदाराचा माणूस" हेही चालत नाही, मूळ मालक जबाबदार असतो. आणि हक्क सोडल्याचा तो बाँड? आयुक्तांकडे नोंद नसेल तर भरपाई टाळायला त्याचा उपयोग नाही. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

कामगार ईएसआयमध्ये असेल तर भरपाई तिकडून मिळते, मालकाकडून नाही. ती योजना आली कुठून? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकरांना ती आखायचे काम दिले गेले, १९४४ ला अहवाल आला आणि १९४८ ला कायदा झाला. जयंतीच्या भाषणांत हे फारसे येत नाही.

खरी लढाई पहिल्या दोन-तीन दिवसांत असते. दवाखान्याच्या केसपेपरवर "घरी पडला" असे लिहिले गेले की पुढे वकील कितीही चांगला असो, घाम फुटतो. म्हणून कारखान्याचे नाव आणि अपघाताची वेळ केसपेपरवर आलीच पाहिजे. गेटपास, हजेरीचा फोटो, पगार जमा झाल्याचा मेसेज, सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर हे त्याच दिवशी गोळा करावे. दावा कामगार न्यायालयात चालतो, तिथले न्यायाधीशच भरपाई आयुक्त असतात.

बिहारचा मजूर गावी परतला तरी त्याचा दावा संपत नाही, तो आपल्या जिल्ह्यातूनही दाखल करू शकतो. पण हे त्याला इथे कोणी सांगितलेच नाही, तर मुदतीची दोन वर्षे तशीच निघून जातात.