तोंडाला फेस

माझे भांडण मार्गारिटाशी नाही. टकिला, संत्र्याचे मद्य आणि लिंबाचा रस हा त्रिवेणी संगम जुना आहे. पेल्याच्या कडेला मीठ लावायची चालही जुनीच. माझे भांडण आहे ते घरच्या घरी त्यावर खारा फेस चढवू पाहणाऱ्या हौशी यजमानांशी.

हा फेस प्रसिद्ध केला वॉशिंग्टनच्या होझे आंद्रेस यांनी. स्पेनमधल्या 'एल बुली'त फेरान आद्रियांच्या हाताखाली ते तयार झाले. म्हणजे हवेला पक्वान्नाचा दर्जा देणाऱ्या घराण्यातले. मुद्दा बिनतोड आहे हो! कडेच्या मिठाने एक घोट मिठागर, तर दुसरा अळणी. फेसाने सर्व घोटांना सारखे मीठ. लाभांश वाटावा तर असा!

पण घरी करायचे म्हणजे काय? पाणी, लिंबाचा रस, मीठ आणि सोयाबीनचे लेसिथिन. हे लेसिथिन हवेचे बुडबुडे धरून ठेवते. लागते चिमूटभर, मिळते डबाभर. मग ब्लेंडर तिरपा धरून पाण्याच्या वरच्या अंगाला घरघरवायचा, जरा थांबायचे, फेस चमच्याने अलगद उचलायचा आणि तो बसायच्या आत पाहुण्याकडे धावायचे. सहा पाहुणे, सहा खेपा! पेल्यावर फेस येण्याआधी यजमानाच्या तोंडाला येतो. ज्यांना गप्पांना बोलावले ते दिवाणखान्यात, ज्याने बोलावले तो ओट्याशी. याला आदरातिथ्य म्हणायचे की प्रयोगशाळेतले प्रात्यक्षिक? आणि ओट्यावरचे शिंतोडे पुसायला हाक कोणाला जाते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

बरे, मिठाचे काम काय? कडवटपणा दाबायचा, आंबटगोडाला उठाव द्यायचा. चिमूटभर मीठ पेल्यातच विरघळवले की काम झाले. आपल्या लिंबाच्या सरबतात दुसरे काय करतात? तिथेही प्रत्येक घोटाला सारखेच मीठ मिळते, आणि त्यासाठी कोणाची आजी स्पेनला गेली नव्हती.

आंद्रेसांवर माझा राग नाही. हॉटेलात फेस काढायला पगारी माणूस असतो. शिवाय २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर याच गृहस्थांनी आपद्ग्रस्तांना जेवू घालायला 'वर्ल्ड सेंट्रल किचन' काढले. फेस कुठे आणि भात कुठे, हे त्यांना कळते. आमच्या यजमानांना मात्र कळत नाही. अहो, पाहुणा तुमच्यासाठी आलेला असतो. बसा की त्याच्याजवळ!

महाराष्ट्रात मद्य प्यायला १९४९ च्या कायद्याने परवाना लागतो. फेस काढायला लागत नाही, ही त्या कायद्यातली मोठीच उणीव आहे.