तीन महिन्यांची शुगर आणि सिकलसेलचं कार्ड

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,



आपल्याच खात्याचे दोन कार्यक्रम एकाच गावात राबवले जातात. गडचिरोलीत, नंदुरबारात, मेळघाटात सिकलसेलची तपासणी होते, कार्ड हातात पडतं. तिशी ओलांडलेल्यांची शुगरही तपासली जाते. पण एचबीएवनसीचं रक्त घेताना ते कार्ड बघायची रीत नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच.

एचबीएवनसी, म्हणजेच ‘तीन महिन्यांची शुगर’, ही हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, या हिशेबावर तो आकडा उभा आहे. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १०-२० दिवसांतच फुटते. साखर चिकटायला सवडच मिळत नाही. अशा पेशंटचा ५.४ हा रिपोर्ट ‘नॉर्मल’ नव्हे, निरर्थक आहे.

सिकलसेलच्या वाहकांचं तसं नाही. त्यांच्या बाबतीत यंत्र कोणत्या पद्धतीचं, यावर बरंच ठरतं. तरीही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या २०१७ च्या अभ्यासात, उपाशीपोटीची साखर सारखी असूनही वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी निघाला. किरकोळ वाटेल, पण मधुमेह ६.५ ला ठरतो, आणि ६.३ वाला ‘अजून झाला नाही’ म्हणून घरी जातो.

एचपीएलसी यंत्राच्या आलेखावर सिकलसेलच्या एस हिमोग्लोबिनचा जादा सुळका आम्हा तंत्रज्ञांना स्पष्ट दिसतो. पेशंटला मात्र छापील आकडाच मिळतो, सुळका प्रयोगशाळेतच राहतो. गंमत अशी की ही तपासणी ज्यातून निघाली तो शोधही असाच लागला होता: १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर वेगळी हिमोग्लोबिनं धुंडाळत होते, तेव्हा मधुमेहींच्या रक्तात त्यांना एक अनोळखी पट्टा दिसला.

प्रश्न फक्त आदिवासी पट्ट्याचा नाही. सिंधी समाजातले थॅलेसेमियाचे वाहक, ईशान्येतून पुण्यात आलेली हिमोग्लोबिन ई असलेली मुलं, यांचाही आकडा जपूनच वाचावा लागतो. लोहाची कमतरता असली तर तो उलट वर सरकतो, तो घोळ वेगळाच.

आणखी एक फट आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेली राष्ट्रीय सिकलसेल मोहीम चाळिशीपर्यंतच्यांसाठी आहे. मधुमेह जोर धरतो तो त्यानंतर. पंचावन्नच्या माणसाकडे कार्डच नसणार; त्याच्या मुलाबाळांकडे असेल. तेवढं विचारायला आशाताईंना वेळ लागत नाही.

नवं यंत्र मागत नाही. सिकलसेलच्या कार्डावर ‘एचबीएवनसीवर विसंबू नये, डॉक्टरांना कार्ड दाखवावे’ असं छापा. रिपोर्टवर तपासणीची पद्धत आणि जादा सुळक्याची नोंद सक्तीची करा. शंका असेल तिथे उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांची साखर बघितली जावी. ती सोयही आहे आणि स्वस्तही. उपचार चालू असलेल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात फ्रुक्टोसामीनची तपासणी उपलब्ध करा. कार्डांची पुढची छपाई होईल तेव्हा ती ओळ त्यात असावी, एवढी विनंती.

आपला,
विदर्भातील एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ