गोफण, हातोडा आणि अनिता

मैदानी खेळांपैकीं हातोडाफेक हा प्रकार आमच्या वाचकवर्गांत फारच थोड्यांनीं प्रत्यक्ष पाहिला असेल. नांव ऐकतांच लोहाराचा घण डोळ्यांपुढें येतो. आमच्या भंडाऱ्यांत तर पितळेचीं भांडीं घडविणाऱ्यांचा हातोडा पिढ्यान्‌पिढ्या वाजत आला आहे. परंतु ह्या खेळांतला हातोडा तसा नव्हे. धातूचा एक गोळा, त्यास जोडलेली पोलादी तार, व तारेच्या टोंकास हातांत धरावयाची मूठ. सगळ्याची लांबी चार फुटांच्या आंतच. स्त्रियांचा हातोडा ४ किलोचा, पुरुषांचा ७.२६ किलोचा. सात फूट व्यासाच्या वर्तुळांत उभें राहून तो प्रथम डोक्याभोंवतीं फिरवावयाचा, मग स्वतः तीन-चार गिरक्या घेऊन सोडून द्यावयाचा. आणि इतकें करून पाऊल वर्तुळाबाहेर पडतां कामा नये. शेतांतल्या मचाणावर उभी राहून पांखरांवर गोफण फिरविणारी मुलगी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ह्या खेळाचें मर्म वेगळें सांगावयास नको. भेद इतकाच कीं येथें गोफणीबरोबर फेकणारीहि फिरते, आणि शेवटच्या गिरकीस तो गोळा तिला तिच्या देहाच्या वजनाहून कितीतरी अधिक जोरानें बाहेर ओढीत असतो. त्या ओढींत तोल राखणें हीच ह्यांतली विद्या. नुसत्या दांडगाईचें हें काम नव्हे.

पुरुषांची हातोडाफेक ऑलिंपिक सामन्यांत १९०० सालापासून आहे. स्त्रियांस मैदानी स्पर्धांचें दार १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें उघडलें, तेंहि पांच प्रकारांपुरतें. हातोडा मात्र त्यांच्या हातीं यावयास २००० साल उजाडावें लागलें. एका पूर्ण शतकाचा विलंब! स्त्रीदेहास हें झेपणार नाहीं ही समजूत त्याच्या मुळाशीं होती, आणि ती आम्हांस नेहमींच मोठी चमत्कारिक वाटत आली आहे. आमच्या जिल्ह्यांत धानाची रोवणी चालते तेव्हां दिवसभर चिखलांत वांकून राहणाऱ्या स्त्रियांची पाठ नाजुक आहे किंवा काय, ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं. आमच्या आजीच्या पिढीनें पहांटे उठून जातें ओढलें, मुसळ उचललें. तेव्हांहि कोणास स्त्रीत्वाची चिंता पडली नाहीं. स्त्रीचें बळ कामास आलें तर तें कर्तव्य, आणि खेळास आलें कीं तेंच अशोभनीय!

२००० सालच्या त्या पहिल्या सामन्यांत, सिडनी येथें, सुवर्णपदक मिळविलें तें पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्का हिनें. वय अवघें सतरा. पोलंड हा देश महाराष्ट्रास अगदींच परका नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीस लागलेल्या हजारों पोलिश बायकामुलांस कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणींत १९४३ पासून १९४८ पर्यंत आश्रय मिळाला होता. असो. कामिलेचें आयुष्य अल्प ठरलें. फेब्रुवारी २००९ मध्यें पोर्तुगालांत सरावाच्या शिबिरांत असतांना ती एकाएकीं वारली. तेव्हां ती सव्वीस वर्षांची होती.

त्याच वर्षींच्या ऑगस्टांत बर्लिनच्या जागतिक स्पर्धेंत तिच्याच देशाच्या अनिता व्लोदार्चिक हिनें ७७.९६ मीटरांची फेक करून नवा विक्रम केला, आणि आनंदाच्या भरांत उड्या मारतां मारतां पायाचा घोटा मुरगळून घेतला! राविच गांवीं १९८५ सालीं जन्मलेली ही मुलगी पुढें कामिलेचा हातमोजा हातांत घालून खेळूं लागली. लंडनला २०१२ सालीं तिला रौप्यपदक मिळालें. पहिली आलेली रशियाची तातियाना लिसेंको हिनें निषिद्ध औषधें घेतल्याचें मागाहून उघडकीस आलें, आणि २०१६ सालीं तिचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें. तें अनितेकडे आलें. न्याय झाला खरा. पण भरल्या मैदानांत उभें राहून आपल्या राष्ट्राचें गीत ऐकण्याचा तो क्षण कोण परत देणार?

अनिता मात्र रडत बसली नाहीं. १ ऑगस्ट २०१५ रोजीं ८१.०८ मीटर फेकून ऐंशीची मर्यादा ओलांडणारी ती जगांतली पहिली स्त्री ठरली. दुसऱ्या वर्षीं रिओ येथें ८२.२९ मीटर व सुवर्णपदक. आणि त्याच महिन्यांत, २८ ऑगस्टला, वॉर्सा येथें कामिलेच्या स्मरणार्थ भरणाऱ्या स्पर्धेंत ८२.९८ मीटर. तो विक्रम आजवर अबाधित आहे. पुढें गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली; तरी २०२१ सालीं टोकियोस तिनें तिसरें सुवर्णपदक घेतलें. मैदानी खेळांत एकाच वैयक्तिक प्रकारांत ओळीनें तीन ऑलिंपिक सुवर्णपदकें तिच्यापूर्वीं कोणाहि स्त्रीस मिळालीं नव्हतीं.

जून २०२२ मध्यें तिच्या मोटारीवर हात मारूं पाहणाऱ्या एका चोरास तिनें स्वतः पकडून पोलिसांच्या स्वाधीन केलें. त्यांत मांडीचा स्नायू दुखावून त्या वर्षींची जागतिक स्पर्धा हुकली. चोराची निवड चुकली, दुसरें काय!

शिक्षकाच्या पेशांत असतांना आम्हांस पालकांकडून वारंवार ऐकावें लागे, "गुरुजी, मुलीचे दंड असे राठ झाले तर स्थळ कोठून आणावें?" आम्हीं म्हणत असूं, जी मुलगी भरवेगांत तोल राखावयास शिकली, तिच्या स्थळाची काळजी आपण थोडी कमी केली तरी चालेल. हातोडा मात्र जाळीचा पिंजरा व जाणता शिक्षक असल्यावांचून कोणीं हातीं धरूं नये. सुटलेला गोळा कोणाची भीड ठेवीत नाहीं. परंतु गोळाफेक शिकविण्यास शाळेच्या पटांगणाचा एक मोकळा कोपरा व लक्ष ठेवणारा शिक्षक पुरतो. तेवढें तरी मुलींस नाकारूं नये.

पॅरिस येथें ६ ऑगस्ट २०२४ रोजीं, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधीं, अनिता पुन्हां त्या वर्तुळांत उभी होती. तिची फेक ७४.२३ मीटर झाली. तिसऱ्या आलेल्या चिनी मुलीची ७४.२७. अवघ्या चार सेंटिमीटरांनीं, म्हणजे दोन बोटांनीं, पदक हुकलें.