बोन्साय ही शिवी नव्हे

महाराष्ट्राबाहेरील मराठीविषयी बोलताना 'कुंडीतले बोन्साय' ही उपमा व्यासपीठावरून सर्रास योजली जाते. मुळे छाटलेली, वाढ खुंटलेली, शोभेपुरती उरलेली भाषा, असा तिचा आशय. आमचा पहिला आक्षेप या उपमेतील वृक्षविषयक अज्ञानाला आहे.

जपानी मेपलसारखा पानझडी वृक्ष घ्या. उथळ तबकात वाढविला तरी तो ऋतुचक्र सोडीत नाही. वसंतात पालवतो, शरदात तांबडा होतो, पानांतील अन्नांश खोडाफांद्यांत ओढून घेतो आणि पाने टाकून हिवाळाभर निद्रिस्त राहतो. या निद्रेसाठी त्याला उघड्यावरची थंडी लागते. ऊबदार दिवाणखान्यात ठेवला, तर ही विश्रांती हुकते आणि तो खंगत जातो. तोक्योत 1934 साली सुरू झालेले 'कोकुफु' प्रदर्शन फेब्रुवारीत भरते. तेथे असे वृक्ष निष्पर्ण अवस्थेत मांडले जातात, कारण फांद्यांची खरी ठेवण तेव्हाच दिसते. आमच्याकडे मात्र पाने गळताच झाड मेले असे समजणारे पुष्कळ!

मुळे छाटण्याचा एवढा बाऊ कशासाठी? कोवळ्या मेपलची जुनी मुळे दर दोन-तीन वर्षांनी, वसंतारंभी डोळे फुगू लागताच, छाटतात व माती बदलतात, ती नवी तंतुमुळे फुटावीत म्हणून. तसे न केल्यास मुळांची गुंडाळी होऊन पाणी आत शिरेनासे होते. नाशिकचा बागाईतदार द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो. त्याला कोणी क्रूर म्हणत नाही. आणि खुरटेपणाचे म्हणाल, तर तबकातील झाडाची पाने लहान होतात, पण फुले व फळे मूळ आकाराचीच येतात.

उपमेत एक तथ्य आहे, आणि नेमके तेच वक्ते सांगत नाहीत. जमिनीतला वृक्ष खोल ओलाव्यावर उन्हाळा काढतो; तबकात तसा साठा नसतो. कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही पाणी घालावे लागते, वळणासाठी बांधलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी लागते, आणि ही राखण एका पिढीने दुसरीकडे सोपवावी लागते. इंदूर, बडोदे, बेळगाव येथील मराठीचेही असेच आहे. शाळा, ग्रंथालय आणि घरातले बोलणे हे तिचे रोजचे पाणी. वर्षातून एकदा तिला सभागृहात आणून हारतुरे घालणे म्हणजे पानझडी झाड दिवाणखान्यात ठेवणेच होय. मराठी शाळांचे वर्ग एकेक करून बंद पडताना जे गप्प बसले, त्यांनी बोन्सायला नावे ठेवण्यापूर्वी पाणी घालण्याची पाळी कोणाची होती, हे सांगावे.