विश्लेषण : एसी ऑनलाइन आला, पण त्याची लाइन कोण ओढणार?

एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोबाइलवर दर पाहायचा, हप्ता ठरवायचा आणि दोन-तीन दिवसांत खोके दारात, इतकी ही खरेदी आता सोपी झाली आहे. पनवेल, कामोठे, कळंबोलीसारख्या दमट हवेच्या भागात तिला चैन म्हणण्याचे दिवसही सरले. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे बळी गेले, ते याच पनवेल तालुक्यात. मात्र खोके आल्यानंतरचे काम, म्हणजे गॅसची जोडणी आणि विजेची लाइन, किमतीत धरलेले नसते. तिथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो आणि धोकाही तिथेच आहे.

‘स्वतः बसवा’ एसी म्हणजे काय?

आपण ज्याला स्प्लिट एसी म्हणतो, त्यालाच अमेरिकेत ‘डक्टलेस मिनी-स्प्लिट’ म्हणतात. तिथे घरभर पत्र्याच्या नळांतून थंड हवा फिरवण्याची पद्धत रुळलेली आहे, म्हणून हे वेगळे नाव. ‘मिस्टरकूल’सारख्या कंपन्या तिथे ग्राहकाने स्वतः बसवायचे संच विकतात. त्यांच्या तांब्याच्या नळ्यांत गॅस आधीच भरलेला असतो आणि तोंडे सीलबंद असतात. नट आवळला की गॅसची जोडणी पूर्ण.

भारतात मिळणारा नेहमीचा एसी असा नसतो. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडलेला असतो आणि सोबतची तांब्याची नळी रिकामी, म्हणजे हवेने व ओलाव्याने भरलेली असते. त्यामुळे अमेरिकी व्हिडीओ पाहून इथला एसी जोडणे म्हणजे दुसऱ्याच यंत्राची पुस्तिका वाचण्यासारखे आहे.

व्हॅक्यूम का महत्त्वाचा?

नळ्या जोडल्यावर आतली हवा आणि बाष्प पंपाने ओढून काढावे लागते, मगच बाहेरच्या युनिटचा गॅस सोडायचा. आर-३२ गॅसवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधले तेल ओलावा चटकन शोषते. पावसाळ्यातल्या पनवेलच्या हवेत तो ओलावा किती असतो, हे कपडे वाळत घालणाऱ्याला सांगायला नको. अनेक कारागीर पंप न लावता थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देतात. एसी त्या दिवशी थंड करतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. कॉम्प्रेसरचे दुखणे पुढे निघते. पंप आणला आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारायला हवे.

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. काही एसींत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. घर बदलताना एसी काढायचा, तर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये परत ओढून घ्यावा लागतो. तेव्हा नळी सुटलेली किंवा व्हॉल्व्ह चुकीचा उघडा राहिला आणि कॉम्प्रेसर चालूच ठेवला, तर आत हवा शिरते, तेलाशी मिसळते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. पान्हा हाती आहे म्हणून करून पाहावे, असे हे काम नाही.

रंगांचा घोळ काय आहे?

मोबाइलवरचे व्हिडीओ सर्वाधिक दगा देतात ते इथे. भारतात घराच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग असते. अमेरिकेत काळी वायर म्हणजे जिवंत वीज आणि पांढरी न्यूट्रल. एसीच्या स्वतःच्या केबलमध्ये बहुधा तपकिरी फेज, निळी न्यूट्रल असते. पण आपल्याकडच्या थ्री फेज वायरिंगमध्ये निळी हीसुद्धा फेज असते. रंगावर विसंबून वायरला हात लावणारा माणूस नशिबावर विसंबलेला असतो. मेन बंद करून टेस्टरने खात्री करणे, एवढाच उपाय.

लाइन कशी हवी?

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना साधारण दीड किलोवॉट, म्हणजे सात-आठ अँपिअर घेतो. आकडा फार मोठा वाटत नाही. पण तो तासन्तास, रात्रभर सुरू राहतो. म्हणून त्याला मीटरजवळच्या डीबीपासून स्वतंत्र लाइन हवी. दीड टनासाठी सहसा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (दुकानात तिला ‘चार एमएम’ म्हणतात), २० अँपिअरची एमसीबी आणि १६ अँपिअरचे सॉकेट वापरतात. शेवटचा शब्द अर्थात कंपनीच्या पुस्तिकेचा.

नव्या टॉवरमध्ये बेडरूमला एसी पॉइंट बहुधा तयार असतो. प्रश्न जुन्या इमारतींचा आहे. तिथे फ्रिजच्या पॉइंटवरून लूप घेऊन एसी चालवला जातो. एमसीबी वारंवार पडू लागली की ३२ अँपिअरची बसवली जाते आणि ‘काम झाले’ म्हणतात. एमसीबी असते ती वायर वाचवण्यासाठी. ती मोठी केली आणि वायर तीच ठेवली, तर भिंतीतली वायर तापत राहते आणि एमसीबी गप्प बसते.

अर्थिंगचे दुखणे आणखी छुपे. अर्थिंग नसली तरी एसी उत्तम चालतो. बाहेरचे युनिट लोखंडी ब्रॅकेटवर, बऱ्याचदा खिडकीच्या ग्रिलला लागून असते. पावसात आत गळती झाली तर ते ग्रिलच जिवंत होऊ शकते. अर्थिंगसोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवणे हा खर्च टाळण्याजोगा नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्याची मुभा आहे. वायरिंगची क्षमता वा स्वरूप मात्र त्यातून बदलता कामा नये. नवी लाइन ओढणे त्यात बसत नाही. ते काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराचे. व्यवहारात परवाना मागणारा ग्राहक विरळा. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही पाहून घ्यावा. गीझर, ओव्हन आणि एसी मिळून तो ओलांडला जात असेल, तर भारवाढीचा अर्ज करावा लागतो.

खर्चाचे गणित कसे मांडायचे?

जाहिरातीतल्या किमतीत ब्रॅकेट, जादा तांब्याची नळी, ड्रेन पाइप आणि ही स्वतंत्र लाइन सहसा नसते. ऑर्डर देण्याआधीच युनिटच्या दोन जागांमधले आणि डीबीपर्यंतचे अंतर टेपने मोजले तर पुढची घासाघीस टळते. ग्राहकाने स्वतः करावे असे हे खरे काम.

तारांकनाचे निकष १ जानेवारी २०२६ पासून कडक झाले. आधीचा पाच तारे असलेला एसी आता साधारण एक पायरी खाली येतो. म्हणून ‘फाइव्ह स्टार’ जुन्या मालावर सूट असेल, तर लेबलवरचे वर्ष पाहावे. त्यावरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरासाठी असतात. रात्री आठ तास सरासरी एक किलोवॉट धरला, तर महिन्याला २४० युनिट होतात. आधी १५० युनिट वापरणारे घर ३९० वर जाते आणि ३०० च्या पुढचे ९० युनिट वरच्या टप्प्याच्या दराने आकारले जातात.

बाहेरचे युनिट २५ ते ४० किलोचे असते. ते चौथ्या-पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर टांगताना कारागीर अनेकदा पट्ट्याशिवाय उभा असतो. पट्टा नसेल तर काम थांबवण्याचा अधिकार घरमालकाला आहे. आणि एसी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने तो बंद करून प्लग हाताने पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल, तर जोड सैल आहे किंवा सॉकेट हलके आहे. तो दुरुस्त होईपर्यंत एसी पुन्हा लावू नये.