तीन जुलैची सात मार्च कोणी केली?



पतसंस्थांमधील व्याजाच्या चुकांविषयी आपल्या अंकात आलेले पत्र वाचले. संगणकावर बसणाऱ्या मुलामुलींचे लक्ष मोबाइलमध्ये असते, असे त्या वाचकांचे निदान आहे. मी एकतीस वर्षे पतसंस्थांच्या वह्या तपासल्या. आता निवृत्त आहे, पण ओळखीच्या संस्थांत अंतर्गत तपासणीला अजून जातो. मोबाइलबद्दल माझेही मत फारसे चांगले नाही. तरी व्याजाचे खापर त्या मुलांच्या डोक्यावर फोडण्याआधी संगणकातले एक सेटिंग उघडून पाहायला हवे होते.

मागल्या वर्षी एका संस्थेत मुदत ठेवींची यादी पडताळत होतो. ठेव एक लाखाची, दर नऊ टक्के, पावतीवर तारीख ३ जुलै २०२३. व्याज २,९०९ रुपये जास्त निघत होते. एवढ्या रकमेचे एवढे व्याज म्हणजे बरोबर ११८ दिवसांचे. ३ जुलैपासून ११८ दिवस मागे मोजत गेलो आणि ७ मार्चला येऊन थांबलो. पुढचे सांगायलाच नको. नोंदी करणाऱ्या मुलीने ०३/०७/२०२३ असे, पावतीवर होते तसेच टाइप केले होते. संगणकाने ते अमेरिकी रीतीने, महिना आधी धरून वाचले.

एक्सेलमध्ये तारीख ही तारीख म्हणून साठवलीच जात नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तिथून मोजलेला आकडा साठवतात. (त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उजाडलाच नाही असा दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक, हिशेब जुळावेत म्हणून तशीच ठेवली. तपासनीसाला अशा गोष्टी वाचून बरे वाटते.) ३ जुलै २०२३ म्हणजे ४५,११० आणि ७ मार्च २०२३ म्हणजे ४४,९९२. व्याज या आकड्यांवर निघते. पडद्यावर दिसते ती तारीख म्हणजे आकड्याला घातलेला सदरा. त्यामुळे सेलचा फॉरमॅट बदलला, आता तारीख भारतीय पद्धतीने दिसते, असे कोणी सांगितले की मला धडकी भरते. आत ४४,९९२ च असतात. आधी ०३/०७ दिसत होते, निदान पावतीशी जुळत होते. आता चुकीची तारीख नीटनेटकी होऊन बसते.

सगळ्या तारखा अशा उलटल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात आले असते. पण १५/०७ टाइप केले की पंधरावा महिना नसल्यामुळे संगणक त्याला तारीख मानतच नाही, साधा मजकूर समजून सेलच्या डाव्या कडेला ढकलतो. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी २२१ अशा डावीकडे जातात. उरलेल्या १४४ पैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा उलटूनही त्याच राहतात. बाकीच्या १३२ गुपचूप दुसऱ्या तारखा होतात. डावीकडच्या तारखा तारखेनुसार केलेल्या बेरजेत येत नाहीत, आणि त्या येत नाहीत हे कोणी सांगतही नाही. माझी तपासायची रीत आता सोपी आहे. रकान्यात उजवीकडे सरकलेल्या तारखांमध्ये बारा तारखेच्या पुढची एकही दिसली नाही, की चहा बाजूला ठेवायचा आणि पावत्यांचे गठ्ठे मागवायचे.

आर्थिक वर्षाच्या टोकाला तर कहर होतो. १२ मार्च २०२५ चा भरणा ३ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात जातो. १ एप्रिल २०२४ ची नोंद ४ जानेवारीची होऊन बंद झालेल्या वर्षात घुसते. शाळांच्या प्रवेशाच्या याद्यांचे काय होत असेल, हे मी मुख्याध्यापकांवर सोडतो. दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करून घेताना काय हेलपाटे पडतात, ते पालकांना ठाऊक आहे.

हे सेटिंग अमेरिकी करते कोण? कोणीच नाही. संगणक बिघडला की दुकानातला मुलगा येतो, 'फॉरमॅट मारतो' आणि विंडोज पुन्हा टाकतो. टाकताना देश विचारणारी एक चौकट येते. तिथे बहुधा अमेरिका निवडलेलीच असते आणि तो घाईत पुढचे बटण दाबतो. घड्याळ चुकले तर लगेच कळते, म्हणून ते तो लावून जातो. तारखेची रीत कोण पाहणार? खरे तर खूण डोळ्यांसमोर असते. लाखाचा आकडा १,००,००० ऐवजी १००,००० असा दिसू लागला, की समजावे, यंत्र अमेरिकेत बसले आहे. संस्थेतले सगळे तो स्वल्पविराम रोज पाहतात आणि संगणकाची पद्धत म्हणून सोडून देतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन' उघडून तिथे 'इंग्लिश इंडिया' निवडायचे. लिबरऑफिसमध्ये लोकेल त्याच्या स्वतःच्या पर्यायांत वेगळे असते, आणि गूगल शीट्समध्ये ते प्रत्येक फाइलचे वेगळे. म्हणून एकाने दुरुस्त केलेल्या संगणकावर दुसऱ्याची फाइल पुन्हा दगा देऊ शकते. मात्र आजच्या दुरुस्तीने कालच्या नोंदी सुधारत नाहीत. महिना आणि दिवस सूत्राने उलटवता येतात, पण फाइल दोन संगणकांवर भरली गेली असेल तर कोणती ओळ उलटलेली आणि कोणती सरळ हे यंत्राला सांगता येत नाही. तिथे मूळ पावतीच लागते. संगणक आला म्हणून पावत्या रद्दीत घालणाऱ्या संचालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

काही तरुण मित्र सांगतात की वर्ष-महिना-दिवस असेच लिहा, १९८८ पासून तसे आयएसओ ८६०१ हे जागतिक मानक आहे. फाइलींच्या नावांसाठी मला ते मान्य आहे. क्रम आपोआप लागतो. पण खिडकीशी उभ्या असलेल्या ठेवीदाराला २०२३-०७-०३ वाचायला लावू नये. त्याच्या पावतीवर महिना अक्षरांत छापावा: ३ जुलै २०२३. कागदाला ही अडचण कळली होती; चेकवर दिवस, महिना, वर्षाचे आठ चौकोन छापलेले असतात ते उगाच नव्हे. एकच दिवस दोन रीतींनी वेगळा होतो हेही आपल्याला नवे नाही. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, उत्तरेत तीच भाद्रपदात. पण तिथे पंचांग कोणत्या प्रांताचे हे मुखपृष्ठावरच कळते.

यंत्रापुढे नमते घेण्याचाही एक मार्ग आहे. 'मार्च१' या जनुकाच्या नावाची एक्सेल तारीख करून टाकी, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जनुकांची नावेच बदलली. आपल्याला मात्र जुलैचे नाव बदलता येणार नाही.

म्हणून माझी मागणी संस्थांकडे आणि सरकारी कार्यालयांकडे आहे. संगणक ताब्यात घेताना किंवा दुरुस्तीचे बिल मंजूर करताना ३१/१२ टाइप करून पाहावे. ते उजवीकडे गेले तर बिलावर सही करावी, डावीकडे राहिले तर बिल परत पाठवावे. एमएस-सीआयटीच्या वर्गात तक्ते आणि रंग शिकवण्याआधी ही चाचणी शिकवावी.

वर सांगितलेल्या संस्थेने जादा व्याज ठेवीदाराकडून वळते करून घेतले आणि सेटिंगही बदलले. माझ्या अहवालात कारण स्पष्ट लिहिले आहे. पण त्या मुलीला 'निष्काळजीपणा'बद्दल दिलेला मेमो तिच्या सेवापुस्तकात अजून तसाच आहे.

– एक निवृत्त लेखा तपासनीस, सांगली