कंपाउंडमध्ये बोगनवेल की कोरांटी? वर्ध्यातल्या बागेचं गणित समजून घ्या

वर्धा : मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि हौसेने आणलेली नर्सरीतली रोपं माना टाकतात. त्याच उन्हात बोरच्या जंगलात धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी तग धरून असतात. त्यांना कुणी पाणी घालत नाही. मग आपल्या अंगणात ही झुडपं का नाहीत?

परदेशी झाडांत वाईट काय?
बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. तिला पाणी कमी लागतं, हे खरं. पण इथल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना तिची पानं चालत नाहीत. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने, म्हणजे रायमुनियाने, तर जास्त नुकसान केलं. पक्ष्यांनी तिच्या बिया पसरवल्या आणि जंगलातलं गवत, देशी झुडपं तिच्याखाली दबली.

पानं कुरतडली तर?
घरचा गोडलिंब बघा. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि तिचंच फुलपाखरू होतं. फवारा मारला की तेही गेलं. फुलपाखराला फूल लागतं, अळीला पान. आपण फक्त फुलं बघून रोप विकत घेतो, चूक तिथेच होते.

काय लावाल?
• कोरांटी : पिवळी फुलं, काटेरी कुंपण. पावसाळ्यानंतर बहर.
• अडुळसा : पांढरी फुलं. फांदीपासून लागतो, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.
• निर्गुडी : निळसर-जांभळे तुरे, त्यावर मधमाश्या.
• धायटी : उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलं. हीच फुलं आयुर्वेदात आसव-अरिष्टं करताना वापरतात.
• मुरुडशेंग : लाल फुलं, पिळदार शेंगा.

कसं लावाल?
लागवड जून-जुलैमध्ये करा. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागेल. नंतर गरज कमी होत जाते. जंगलातून रोपं मात्र उपटून आणू नका.

आमचं मत
स्थानिक साहित्यातून उभी राहिलेली बापू कुटी आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. बागेच्या बाबतीत मात्र ‘स्थानिक’ म्हणजे रानटी, असं समजतो. पावसाळ्यात सरकारी रोपवाटिकांतून रोपं दिली जातात, त्यांत मोठ्या झाडांसोबत ही झुडपंही हवीत. आणि नर्सरीत चार जणांनी कोरांटी मागितली, तर पाचव्यासाठी ती नक्की ठेवली जाईल. यंदा मागून तर बघा.